उजव्या हातातल्या बांगड्या

उरणच्या मासळी बाजारात चंदाशी घासाघीस करायला हिंमत लागते. मी तिची शेजारीण, शाळेत शिकवते, पण मलाही ती सोडत नाही. "बाई, पापलेट घ्यायचा तर घ्या, त्याची परीक्षा नका घेऊ," म्हणते आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. तिच्या डाव्या हातात हिरवा चुडा, उजवा हात मोकळा. आमच्या कोळणींची रीतच आहे ती. लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला द्यायच्या आणि सांगायचं, माझा माणूस सांभाळ.

तिचा माणूस, सूरज, मालवाहू जहाजावर होता. परदेशातल्या लढाईत त्या जहाजावर हल्ला झाला. सूरज बुडाला, असं कंपनीनं फोनवर कळवलं आणि हात वर केले. चंदा काही ते मानायला तयार होईना. शेवटी तिचे चुलतसासरे नामाकाका म्हणाले, "चंदे, किती वाट बघशील? डाव्या हातातल्याबी उतरव आता. बारावं करून टाकू."

"ज्याच्या हवाली केला त्या दर्यानं अजून नाय सांगितला मला. माझा नवरा जिता हाय."

खरं सांगते, मला तिचा राग यायचा. किती म्हणून हट्ट करायचा माणसानं! तरी मीच तिला खारघरला संघप्रियाकडे घेऊन गेले. संघप्रिया एका आंतरराष्ट्रीय मदत संस्थेत हरवलेल्यांचा शोध घेण्याचं काम करते. त्यांची माणसं लढाईच्या दोन्ही बाजूंना जातात, जखमींना औषधपाणी करतात, तुरुंगातल्यांना भेटतात, घरच्यांचा निरोप पोचवतात. कोण बरोबर, कोण चूक, यात पडत नाहीत, म्हणून तर त्यांना आत सोडतात. आणि या सगळ्याचा एक छदामही घेत नाहीत.

पुष्कळ दिवस काहीच कळलं नाही. मग एके दिवशी संघप्रिया स्वतःच चंदाच्या घरी आली. तिकडच्या एका तुरुंगात समुद्रातून उचलून कैद केलेला, 'मी सूरज' असं सांगणारा एक खलाशी सापडला होता. फोटो काढायला, फोनवर बोलायला बंदी. शिवाय सुटकेच्या आशेनं तिथं कुणी मेलेल्या सोबत्याचंही नाव सांगतं.

"मला तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही, ताई," ती म्हणाली. "फक्त त्यालाच माहीत असेल असं काहीतरी विचारावं लागेल." बोलता बोलता तिची नजर चंदाच्या मोकळ्या मनगटावर गेली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "उजव्या हातातल्या उतरवल्यात वाटतं?"

चंदा उसळलीच. "उतरवल्या नाय! दर्याला दिल्यात!" आणि बोलता बोलता थांबली. "ताई, हेच इचारा त्याला. म्हनावं, बायकोच्या उजव्या हातात कुठल्या बांगड्या हायेत?"

उत्तर आलं तेव्हा बाजार भरला होता. चंदाचे हात माशांनी माखलेले, म्हणून फोन मीच धरला आणि स्पीकर लावला. बाजूला नामाकाका टोपली उतरवत होते, ते तसेच थांबले. संघप्रियानं त्या माणसाचे शब्द वाचून दाखवले.

"उजव्या हातात एकपण नाय. दर्याला दिल्या. एक निघत नव्हती, ती मी होडीच्या इंजिनाचं ग्रीस लावून काढली. शालूला डाग पडला म्हनून चंदानं मला बंदर येईपर्यंत शिव्या घातल्या."

चंदानं डावा हात असा उंच हलवला की चुडा सगळ्या बाजारानं ऐकला. कोळणी ओरडल्या, हसल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. "काका," चंदा गरजली, "बारावं ऱ्हाऊ द्या! इमानतळावर गाडी कोन नेतो ते बोला!"

त्याला सोडवून आणायला संस्थेला आणखी वेळ लागला, पण गाडी नामाकाकांनीच नेली. सूरज बाहेर आला तेव्हा वाळून काटकी झाला होता. चंदानं सगळ्यांदेखत त्याला एक सणसणीत शिवी हासडली, आणि मी तिथंच रडायला लागले.