कान असलेला टीव्ही

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेल्या म्हणून गल्ली त्यांना ऑपरेटरबाई म्हणायची. निवृत्त झाल्या तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. बाई फटकळ, दूधवालासुद्धा त्यांच्या तोंडी लागत नसे.

जावई मात्र हट्टाला पेटला होता. बाई डोळे तपासायला गेल्या, तेवढ्यात त्याने त्यांचा जुना टीव्ही भंगारात देऊन भिंतीवर नवा ठोकला. बाई परतल्या तेव्हा लेक खाली मान घालून बसली होती.

"बटण दाबायलाही नको, आई," जावई म्हणाला. "नुसतं बोला, तो ऐकतो."

"मी त्याच्याशी बोलेन तेव्हाच ऐकतो, की सगळा वेळ कान लावून बसतो?"

जावई हसला. "तुमच्या घरात ऐकण्यासारखं असतं काय?"

"एक्स्चेंजमध्ये दोघांची लाइन जोडली की आपण कान काढून घ्यायचा, असा नियम होता," बाई म्हणाल्या. "मी काढायचे नाही. एक मास्तरीणबाई बहिणीला सांगत होती, नवऱ्याला सोडून जाणार म्हणून. मी ते गंमत म्हणून मैत्रिणीला सांगितलं. आठ दिवसांत नवऱ्याच्या कानावर गेलं. केसाला धरून रस्त्यावर आणलं त्याने तिला. नंतर बाजारात दिसायची, मला भाजीचा भाव विचारायची. तिला काय माहीत मी कोण."

"हे यंत्र आहे, आई. चहाड्या करत नाही."

"मीही तिथे यंत्रच होते. पगारी. काढा ते."

"काढणार नाही. जग कुठे चाललंय आणि तुमचं आपलं एकच पालुपद."

"मला न विचारता माझी वस्तू घराबाहेर नेलीत, जावईबापू. याला चोरी म्हणतात."

जावई चपला घालून तडक निघाला. दुसऱ्या दिवशी बाईंनी वायरमनकडून टीव्ही उतरवला, टेम्पोत घातला आणि थेट जावयाच्या ऑफिसात, चारचौघांसमोर, त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. जावयाने त्यांच्याकडे येणं टाकलं.

महिन्याभराने लेक एकटीच आली. बाई शेंगा सोलत होत्या. लेकही एक शेंग घेऊन बसली.

"तो टीव्ही आता आमच्याकडे लावलाय," ती म्हणाली. "दिवसभरात मी त्याला काय विचारलं, काय लावलं, सगळं त्यांना मोबाईलवर दिसतं. परवा मी त्याला भाड्याच्या खोल्या विचारल्या होत्या."

बाईंचे हात थांबले. "मग?"

"मग काही नाही." लेकीने बाही खाली ओढली.

बाईंनी तिचा हात धरून बाही वर केली. दंडावर चार बोटं उमटली होती, काळीनिळी.

"सहाला येतात ते घरी. निघते मी."

"कुठे निघतेस? बस खाली."

सव्वासहाला फोन वाजला. बाईंनी उचलला. "ती इथेच राहणार आहे," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही दारात पाऊल ठेवलंत तर पाय मोडून हातात देईन." पलीकडून तो बोलायला लागला, तसा त्यांनी फोन ठेवून दिला.