सलामाआधीचं गाणं

माझा नवरा रविराज बसू शकत नाही. चहा उभ्याने पितो, फोन आला की घरातल्या घरात फेऱ्या मारतो, आणि ताटातला भात संपायच्या आत त्याचं लक्ष चपलांकडे गेलेलं असतं. चारचौघांत मी त्याला अहो-जाहो करते. इथे 'तो' म्हणणार आहे, कारण अहो-जाहो करून खरं सांगायला मला जमत नाही.

बारामती एमआयडीसीत दुधाच्या एका कारखान्यात तो पॅकिंगला आहे. पण त्याला लोक ओळखतात ते गाण्यामुळे. आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपासना तो चालवतो. आम्ही राहतो बारामतीत, आणि आमचं चर्च इंदापूरच्या रस्त्याला तासाभरावरच्या एका गावात आहे, वर पत्रा आणि दोन्ही बाजूंना ऊस. पाळकसाहेबांकडे आणखीही गावांतल्या मंडळ्या आहेत. ते येतात, उपदेश करतात, प्रभुभोजन देतात आणि गाडीला किक मारतात. गाणी कोणती घ्यायची, लोकांना उभं कधी करायचं, प्रार्थनेला कधी शांत करायचं, हे सगळं रविराजच्या हातात असतं. त्याने हात वर केला की शंभरेक माणसं हात वर करतात. माणसाला हे फार काळ चांगलं नसतं, असं माझं मत आहे. पण माझं मत विचारतो कोण.

हे गाव त्याचं आजोळ. वडील लवकर गेले तेव्हा सासूबाई त्याला घेऊन सुप्याहून माहेरी आल्या, आणि त्याला वाढवलं ते त्याच्या मामांनी, तात्याबांनी. मामांची थोडी बागायत आहे, वांगी-गवारीची. चर्चमध्ये ढोलकी त्यांचीच. गवार तोडता तोडता त्यांनी या पोराकडून एकेक गीत पाठ करून घेतलं. आधी शब्द बोलून दाखवायचे, मग चाल. रविराज आवाज चढवायला लागला की मामा म्हणायचे, "कुणाला ऐकवतोयस? ज्याला म्हणतोयस त्याला गेलं ऐकू. बास." हे मला रविराजनेच लग्नानंतर सांगितलं होतं, हसत हसत.

आमच्या मंडळीत एक जुनी रीत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरस मेजावर मांडून झाला की उपासना चालवणारा पुढे येऊन म्हणतो, "ज्याचं कुणाशी बिनसलंय, त्यानं आधी सलाम करून यावं." मग पेटी बंद, ढोलकी बंद. माणसं उठतात, चटया ओलांडून एकमेकांकडे जातात, हातात हात देऊन सलाम म्हणतात. शेवटचा माणूस जागेवर येऊन बसेपर्यंत कुणी सूर धरायचा नाही. नवीन माणसाला ती शांतता अवघड वाटते. कोण कुणाकडे गेलं आणि कोण गेलं नाही, हे सगळ्यांना दिसतं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच महिन्यात मला चंद्राबाईंकडे जावं लागलं होतं, कारण त्यांच्या चटणीला मी नाव ठेवलं होतं. घाम फुटला होता मला.

गेल्या वर्षी मामा-भाच्यांचं बिनसलं. उपासना संपून चहा चालला होता. लोक रविराजला सांगत होते, आज काय गायलात, अंगावर काटा आला. तोही फुलला होता. मामा कपात बघत म्हणाले, "आवाज चांगलाच हाय त्याचा. पर प्रार्थनेला डोळं मिटतो तवा एक डोळा उघडा ठेवतो. कोण रडतंय, कोण न्हाय, ते बघत आसतो."

कुणीतरी हसलं. ते हसणं त्याला लागलं. रविराजचा चेहरा उतरलेला मी पाहिला, आणि पुढचं त्याच्या तोंडून निघायच्या आत मी त्याचा शर्ट धरायला हवा होता.

"आणि तुमचा हात कापतोय ते?" तो म्हणाला. "ठेका पळतोय, समदी मंडळी अडखळती. कुणी बोलत न्हाय तुमाला, वय झालं म्हणून. आता बसा खाली जरा."

मामांनी कप ठेवला, ढोलकी पिशवीत घातली आणि घरी गेले. पुढच्या रविवारी ते सगळ्यात मागे, चपला काढतात तिथे बसले. आमच्याकडे कीबोर्ड होताच, त्यातला तयार ठेका रविराजने लावला. तो ठेका कधी पळत नाही, हे मात्र खरं.

नंतर आला पहिला रविवार. मेज मांडून झालं. रविराजने नेहमीचं वाक्य म्हटलं, माणसं उठायला लागली, आणि त्याने एकदम कीबोर्डची कळ दाबून गाणं धरलं. चांगलं जोरात. लोक गोंधळले, जवळच्या दोघातिघांना घाईघाईने सलाम केले आणि टाळ्या धरून गायला लागले. मी बायकांच्या चटईवरून मागे पाहिलं. मामा उठून मधल्या वाटेपर्यंत आले होते. तिथे जरा थांबले, वळले, आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं, म्हाताऱ्याचा राग अजून गेला नाही.

ही नवी पद्धत लोकांना आवडली, हे मला सांगायला लाज वाटते. अवघडलेपण गेलं. बापूसाहेब आणि त्यांच्या भावाचं बांधावरून वाजलेलं होतं, ते दोघे तर गाण्यात सगळ्यांत पुढे. गाणं चालू असताना कोण कुणाकडे गेलं नाही हे कोण बघतं? पाळकसाहेब म्हणाले, वेळ वाचतो, पुढच्या गावी मी वेळेत पोचतो. सलाम कमी होत होत मान हलवण्यावर आला. मामा मात्र दर पहिल्या रविवारी त्याच वेळी उठून बाहेर जायचे.

रविराजचं नाव वाढलं. वडगाव निंबाळकरला प्रार्थनासभा, बारामतीत कुणाच्या घरी उपकारस्तुती, सगळीकडे बोलावणं. पण घरात त्याला चैन पडेना. शनिवारी ठरवलेली गाणी रविवारी सकाळी बदलायचा. चर्चमध्ये पोचल्यावर स्पीकर इकडचा तिकडे करायचा, मग परत तिकडचा इकडे. गाताना डोळे मिटले की लगेच उघडायचा. कामावरून सुटला की एमआयडीसीतून उगाच भिगवण रस्त्याला लांब जाऊन यायचा, आणि विचारलं तर म्हणायचा, पेट्रोल टाकायला गेलो होतो. मी एकदा म्हणाले, मामांकडे जाऊन ये. तर अंगावर आला. "त्यांनी समद्यांसमोर बोलायचं आणि मी जायचं व्हय?" मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची, आणि दोन्ही एकदम आलं की मी भांडी आपटते.

पुरुषांचं बोलणं बंद होतं, आम्हा बायकांचं नव्हतं. इंदापूरच्या बाजारात सारजामामी मामांच्या मळ्यातली भाजी घेऊन बसतात, तिथे मी हटकून जाते. एका बाजाराला त्यांनी माझ्या पिशवीत गवार टाकली आणि म्हणाल्या, "सुकन्या, तुझ्या नवऱ्याला सांग, पयल्या रविवारी जरा दमानं गा म्हणावं. भायेर बसलेल्या माणसाला भाकरीची प्रार्थना ऐकू येत न्हाय."

"मग मामांनी आत बसावं ना," मी म्हणाले. "एवढा कसला राग?"

मामींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवी खाली ठेवली.

"राग?" त्या म्हणाल्या. "अगं, ज्याचा सलाम ऱ्हायलाय त्यानं भाकर कशी घ्यायची? म्हणून उठत्यात ते. पयल्या खेपेला सलाम करायलाच निघालं हुतं, पोराकडं. त्यानं गाणं धरलं. तवापासनं भाकर न्हाय का प्याला न्हाय. भायेर त्या कट्ट्यावर बसून हात जोडत्यात आणि सगळं उरकल्यावर घरी येत्यात."

मी गवारीचे पैसे दिले की नाही तेही मला आठवत नाही. एवढंच डोक्यात होतं की इतके महिने माझ्या नवऱ्याने भाकर घेतली, मीही घेतली, आणि ज्यांनी त्याला ते शब्द शिकवले ते बाहेर मोटारसायकलींशेजारी बसून राहिले.

संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा सांगितलं. कधी सांगावं याचा विचार मी केला नाही, आणि करणारही नव्हते. त्याचा हात ताटात थांबला.

"मी बघितलं हुतं," तो म्हणाला.

"काय?"

"मामा येताना. मधल्या वाटंनं. मला वाटलं, परत समद्यांसमोर काय तरी बोलतील. म्हणून कळ दाबली." मग म्हणाला, "नावाला माझी प्रार्थना चालली हुती गं तवा. डोळं मिटून."

तो हात धुऊन बाहेर गेला. मोटारसायकल चालू झाली, जराशाने बंद झाली. खिडकीतून पाहिलं तर तो गाडीवर तसाच बसून होता, हॅन्डल धरून. मी म्हणाले, आत्ताच जा मामांकडे, तासाभराचा तर रस्ता आहे. तो म्हणाला, "घरी जाऊन चोरून करू? केलं समद्यांसमोर, तर मिटवायचं बी तितंच." हे मला पटलं, पण पहिला रविवार यायला अवकाश होता, आणि तेवढे दिवस त्या घरात कसे काढले ते माझं मला माहीत. रात्रपाळी नसतानाही जागा. कधी म्हणायचा, उपासना सोडून देतो. कधी म्हणायचा, मामा उठलेच नाहीत तर? कधी नुसताच कपाटातलं गीतांचं पुस्तक काढून परत ठेवायचा. मलाही भीती होतीच. मामांनी हात पुढे केला नाही तर हा माणूस पुन्हा कधी गाणार नाही, हे मला दिसत होतं.

रविवार आला. रविराजने त्या दिवशी स्पीकरला हात लावला नाही. पाळकसाहेबांनी मेज मांडलं. तो पुढे आला आणि त्याने ते वाक्य म्हटलं, "ज्याचं कुणाशी बिनसलंय, त्यानं आधी सलाम करून यावं." लोक गाण्याची वाट बघायला लागले. काहींनी टाळ्यांसाठी हात तयारसुद्धा ठेवले होते. गाणं आलं नाही. मागे मामा नेहमीसारखे उठले आणि बाहेर गेले. रविराजने माईक मेजाच्या कडेला ठेवला, मधल्या वाटेने सरळ चालत गेला आणि चपला न घालताच बाहेर पडला.

मी मागोमाग उठले. काळजी म्हणा, नाहीतर बायकोचा चौकसपणा. दारात उभी राहिले. माझ्या पाठीशी आणखी कोण कोण येऊन उभं राहिलं ते बघायला मला सुचलं नाही.

मामा कट्ट्यावर बसले होते, टोपी गुडघ्यावर. रविराज त्यांच्यासमोर उभा राहिला.

"गाणं का थांबलं?" मामांनी विचारलं.

"धरलंच न्हाय." मग तो म्हणाला, "मामा, त्या दिवशी तुमी माझ्याकडं येत हुता. मी तुमाला बघितलं आणि मगच गाणं धरलं."

"म्हाईत हाय मला," मामा म्हणाले. "डोळा उघडा हुता तुझा."

मामांनी मान वर करून आमच्याकडे, दाराकडे पाहिलं.

"आता बी बघत्यात समदी."

"बघत आसतील," रविराज म्हणाला. "मी मागं बघितलं न्हाय."

मामा त्याच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता उठून घरी जातील. मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि हात पुढे केला. तो हात थरथरत होता. रविराजने दोन्ही हातांत धरला तरी थरथरत होता.

"सलाम," मामा म्हणाले. "चल, पाळकसायेब घड्याळ बघत आसतील."

आत आलो तर कुणी जागेवर नव्हतं. माणसं चटया ओलांडून इकडून तिकडे जात होती. चंद्राबाई माझ्याकडे आल्या, त्यांचं माझ्याशी काही बिनसलेलं नव्हतं, तरी आल्या. बापूसाहेब आपल्या भावासमोर उभे होते. दोघांना काय बोलावं कळत नव्हतं, पण उभे होते. पाळकसाहेब खरंच घड्याळ बघत होते. नंतर त्यांनी ते काढून खिशात ठेवलं. सगळं मिटायला पुष्कळ वेळ गेला, आणि तेवढा वेळ कुणी सूर धरला नाही.

मामांनी भाकर घेतली. प्याला दोन्ही हातांनी धरला, तरी थोडा रस सदऱ्यावर सांडला. मामींनी लांबूनच ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. आता गाणं कोण धरणार म्हणून सगळ्यांनी पुढे बघितलं, तर कीबोर्डपाशी कुणीच नव्हतं. मग मामींनीच बायकांच्या बाजूने एक जुनं गीत धरलं, पेटीशिवाय, जरा खालच्या सुरात, आणि लोक हळूहळू त्यात आले.

रविराज मागे, चपला काढतात तिथे, मामांना टेकून चटईवर बसला होता. पाय हलत होता त्याचा. पण बसला होता.