सोळखांबीचं फूल आणि आईचं वाटण

परळीहून सकाळच्या एसटीत चढले तेव्हा माझ्याजवळ कपड्यांची पिशवी आणि एक जड पोतं होतं. कंडक्टरनं पोतं पायानं ढकलून पाहिलं.

"ताई, काय हाय यात?"

"दगड."

"सांगायचं नसंल तर नका सांगू. चेष्टा कावून करता?"

दगडच होता. वडवणीपासून आत आमचं मूळ गाव. तिथे सोळखांबी (सोळा दगडी खांबांचा उघडा मंडप) आहे. ती कोणत्या राजाच्या काळातली यावर गावात अजून भांडणं होतात. तिथे कुणीही, जात न सांगता, पाठ टेकायची, यावर मात्र होत नाहीत. वडील लहान असताना तिचं छत कोसळलं आणि दगड घरोघरी गेले. आता गाव ती पुन्हा उभी करतंय. गाव सोडून गेलेल्यांसाठी मी पत्रक लिहिलं : 'लुटलेले दगड परत करा!'

आईनं ते चुलीपाशी वाचलं आणि तिचा वाटणाचा दगड उलटा केला. खालच्या बाजूला आठ पाकळ्यांचं कमळ. सोळखांबीच्या छताच्या मधोमध असलेलं हे फूल आजोबांनी गाव सोडताना आणलेलं.

"आधी आपल्या घरचा ने," ती म्हणाली. "आन् आजच पोच."

आजच, कारण दगड वर ओढणारी माणसं ऊसतोडीच्या टोळीतली. टोळी दुसऱ्या दिवशी कारखान्याला निघणार होती. संध्याकाळपर्यंत फूल आलं नाही तर तिथे सिमेंटचं ओतायचं ठरलं होतं.

आणि दिंद्रुडला एसटी बंद पडली! दुसरी कधी येईल, कुणी सांगेना. मी रस्त्यावर हात करत उभी राहिले. सीताफळांनी भरलेला टेंपो थांबला. चालवणारे सलीमचाचा वडवणीला निघाले होते.

"बस बेटी. पण दगड फळावर ठेवू नको, मांडीवर घे."

कशासाठी चाललेय ते कळल्यावर त्यांनी वडवणीला टेंपो थांबवलाच नाही, थेट गावात नेला. पैसे घेतले नाहीत, उलट दोन सीताफळं हातावर ठेवली.

सोळखांबीपाशी पोहोचले तेव्हा ऊन कललं होतं. परातीत सिमेंट कालवायला घेतलं होतं.

"थांबा!" मी ओरडले.

सुलोचनाकाकू, माझी चुलती, कमरेवर हात ठेवून पुढे आली. "आली का पत्रकवाली! आमी लुटारू, मग तू कोण गं?"

सगळे हसले. मी पोत्याचं तोंड सोडलं.

"छत पडलं तवा काही दगड तसेच राहिले," काकू म्हणाली, "ते ट्रॅक्टरनं रस्त्याच्या भरावात गेले. घरात नेले तेवढेच हायेत. लुटले न्हाईत, सांभाळले."

गवंड्यानं माझं फूल उलटसुलट पाहिलं. इतरांचे दगड उंबऱ्यात होते, त्यांची नक्षी पायांनी झिजली होती. आईनं मात्र सगळी वर्षं दगडाच्या पाठीवर वाटलं होतं. पाकळ्या खाली मातीत होत्या, म्हणून धारदार राहिल्या होत्या.

टोळीतल्या माणसांनी दोर ओढला. दगड चुन्यात बसला आणि गवंडी वरून ओरडला, "याला लसणाचा वास येतोय बे!"

बायका फरशीवर उताण्या झोपून फूल पाहू लागल्या. मीही त्यांच्यात आडवी झाले. काकूनं तिथंच धपाटी (ज्वारीच्या पिठाच्या थापलेल्या तिखट भाकरी) आणि दही वाढलं. इतक्या चवीनं मी कित्येक दिवसांत जेवले नव्हते.

सकाळी टोळीच्या ट्रकनंच मला वडवणीला सोडलं. परळीच्या एसटीत कंडक्टर तोच.

"आता काय हाय?"

"दगड."

या वेळी त्यानं पोत्यात हात घालून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. काकूनं आईसाठी नव्या खांबाचा उरलेला तुकडा दिला होता.

वाटेत मी पिशवीतलं उरलेलं पत्रक काढलं. 'लुटलेले' खोडलं, 'सांभाळलेले' लिहिलं. 'परत करा' खोडून काय लिहावं ते लवकर सुचलं नाही. शेवटी 'परत आणा, वाट पाहतोय' लिहिलं.

आईनं आधी विचारलं, "बसलं का?"

"बसलं."

मग तिनं नव्या दगडावरून तळवा फिरवला. "लई खरखरीत हाय," ती म्हणाली आणि मिरच्या घेऊन बसली.