हळदीच्या जात्यावर बाजा

माझा गळा म्हणजे फुटकं मडकं. माहेरी मेंढरं राखताना मी हाळी दिली की मेंढरं उलट्या अंगाला पळायची. म्हणून की काय, पूर्ण्याला रेल्वेत खलाशी असलेल्या थोरल्या भावानं मला तोंडानं वाजवायचा बाजा आणून दिला. फुंकलं की एक सूर, ओढलं की दुसरा. ओढताना जीभ जराशी मागं घेतली की सूर वाकतो, रडवेला होतो, हे माझं मलाच सापडलं. मग काय, मुलूख निजामाचा असंल, रान माझं होतं.

लग्न होऊन बोरीला आले. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, पहाटे जात्यावर अशा ओव्या म्हणायची की निजलेलं माणूस उठून बसावं. सुनेनं मागून साथ धरायची रीत. मी तोंड उघडलं तशी म्हणली, "बास कर माय, पीठ नासंल."

मला लय राग आला. दुसऱ्या दिवशी एका हातानं खुंटा धरला अन् दुसऱ्या हातानं पदराखाली बाजा. जातं थांबलं. आत्याबाईनं माझ्याकडं टक लावून बघितलं. मग म्हणली, "हां. पण जरा हळू फुंक, माझी ओवी बुडायलीय."

गावात कळायला कितीसा वेळ लागतोय. लग्नघरी हळद दळायला पाच सवाष्णी जात्यावर बसवतात, त्याला घाणा भरणं म्हणतात. त्या पाचांत मला बोलावणी यायला लागली, पार पोखर्णीपातूर. आत्याबाई विधवा, तिला कोण बोलावतंय? मी मिरवून घरी आले की ती विचारायची, "कुठं चुकलीस ते सांग आधी."

मग पटकीच्या साथीत माझा मालक गेला अन् बोलावणी थांबली. वाईट कुणी बोललं न्हाई, नुसतं आलं न्हाई कुणी. नवऱ्याचं दुःख होतंच, पण खरं सांगते, बाज्याचंबी होतं. त्याची मला लाज वाटत न्हाई.

वर्षानं शेजारी लग्न निघालं. घाण्याच्या सकाळी आत्याबाई माझा हात धरून निघाली. "जात्याला शिवायचं न्हाई. वाजवायला कोण अडवतंय ते बघू."

आमी दोघी मांडवाबाहेर बसलो. आतलं जातं थांबलं. मी बाजा तोंडाला लावून फुंकला. आत्याबाईनं ओवी उचलली. ओवीत लेकाचं नाव गुंफायची रीत. तिनं गुंफलं, तिच्या गेलेल्या लेकाचं, माझ्या मालकाचं. तिथंच तिची ओवी तुटली.

मी वाजवतच राहिले. लग्नघरात मेलेल्याचं नाव, आता हाकलतात आपल्याला, असं वाटलं. तेवढ्यात नवरीच्या आईनं खुंट्याला हात घातला, त्याच नावावरून ओवी पुढं उचलली अन् हळद दळायला लागली.