ओपनच्या यादीत नाव

मुलीला सीईटीत दोनशेपैकी एकशे ऐंशी गुण पडले, त्या दिवशी मी ऑफिसात पेढे नेले. सरकारी कार्यालयातला लिपिक मी, पेढे वाटायचे प्रसंग बेताचेच. त्यामुळे जरा जास्तच रुबाबात टेबलाटेबलाशी फिरलो. शेजारच्या सहकाऱ्याने दोन पेढे उचलले, एक तोंडात टाकला आणि खाता खाता म्हणाला, "अभिनंदन. पण तुम्हाला हो कसली काळजी? पन्नास कमी पडले असते तरी चाललं असतं!"

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

आम्ही बौद्ध. माझी नोकरी राखीव जागेवरची, आणि ती हक्काची आहे हे मी विहारातल्या पोरांना वर्षानुवर्षं ठणकावून सांगत आलेलो. आयटीचे दिवस होते. अख्ख्या पुण्याला आपलं पोर कॉम्प्युटरलाच जायला हवं होतं. मुलीला हव्या त्या कॉलेजात, हव्या त्या शाखेत राखीव यादीतून सहज प्रवेश मिळत होता. ओपनच्या यादीला तीन गुण कमी पडत होते.

"ही जागा घ्यायची नाही," मी घरी येऊन सांगितलं. "पुन्हा परीक्षा द्यायची. ओपनच्या यादीत नाव लागलं पाहिजे. मग बघू कोण काय बोलतंय."

"पप्पा, ती जागा माझ्या हक्काची आहे. तुम्हीच सांगता ना?"

"हक्क कुठे पळून जात नाही," मी म्हणालो. तेव्हा हे वाक्य मला फार बाणेदार वाटलं होतं. ती गप्प बसली. तो मी होकार धरला.

मग धायरीच्या आमच्या दोन खोल्यांत एक वर्ष परीक्षाच राहायला आली. टीव्हीची केबल तोडली. तिच्या मैत्रिणी कॉलेजात रमल्या. त्यांचे फोन आले की "अभ्यास करतेय" म्हणून मीच ठेवून द्यायचो. दर रविवारी सकाळी मी समोर घड्याळ घेऊन बसायचो आणि ती सराव परीक्षेतले गोल काळे करायची. उत्तरं झटपट तपासता यावीत म्हणून मी एक युक्ती काढली होती. वहीच्या पुठ्ठ्याला बरोबर उत्तरांच्या जागी पंचने भोकं पाडायची आणि तो पुठ्ठा तिच्या उत्तरपत्रिकेवर ठेवायचा. ज्या भोकातून पांढरं दिसेल तो प्रश्न चुकला. मी भोकाभोकावर बोट ठेवून मोजायचो. एकशे नव्वद बरोबर आले तरी मला दहा पांढरी भोकंच दिसायची, आणि मी त्या दहांबद्दलच बोलायचो. ती उभी राहून ऐकायची.

दिवाळीनंतर एकदा बायको हळूच म्हणाली, "अहो, पोरगी केस उपटते. कानामागे बघा, रुपयाएवढी जागा रिकामी झालीय."

"परीक्षा झाली की येतील," मी म्हणालो. बघायला उठलोसुद्धा नाही.

निकाल लागला. एकशे चौऱ्याऐंशी. मी उड्या मारायचाच बाकी होतो. पण त्या वर्षी पेपर सोपा गेला होता आणि यादी वर सरकली होती. ओपनला दोन गुण कमी पडले. ज्याच्या एका वाक्यापायी हे वर्ष घातलं, त्या सहकाऱ्याची तोवर बदली झाली होती. भेटला असता तरी आपण काय बोललो होतो, हे त्याला आठवलं नसतं.

प्रवेशफेरीला मी तिच्यासोबत गेलो. मोठ्या हॉलमध्ये पडद्यावर शिल्लक जागा दिसत होत्या. तिचं नाव पुकारल्यावर ती एकटीच टेबलाशी गेली आणि गेल्या वर्षी सोडलेलीच जागा, त्याच यादीतून घेऊन आली.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "दोनच गुण गं. थोडक्यात हुकलं."

ती थांबली. वर्षभरात पहिल्यांदाच तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"पप्पा, मला वाटायचं लोक मला कमी लेखतील याची तुम्हाला भीती आहे. पण लोकांनी कुठे काय केलं? मला तर कुणी काही बोललंच नाही. एकशे ऐंशी कमी आहेत, असं मला फक्त तुम्ही सांगितलंत."

एवढं बोलून ती बसस्टॉपकडे निघाली. मी मागे होतो. वाऱ्याने तिचे केस उडाले आणि कानामागची ती जागा मला पहिल्यांदा दिसली. रुपयाएवढी नव्हती. माझा तळहात बसला असता एवढी होती.