तीनदा बेल

आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी कुठल्याही प्रश्नाला पहिल्या फटक्यात 'हो' म्हटल्याचं आखातातल्या आमच्या सबंध सलवा वस्तीत कुणी ऐकलेलं नव्हतं. पोह्यांत मीठ बरोबर आहे का, एवढंच माझी पत्नी विचारायची. डॉक्टर बशीच्या तीन कडांचे तीन घास खात आणि सांगत, "वहिनी, एका घासावर बोलणं धाडसाचं होईल." दाराची बेल एकदा वाजली तर उठत नसत, वायरिंगमुळेही वाजते म्हणत. दुसरीला मान वर करत, तिसरीला चपला शोधत. त्यामुळे इमारतीच्या हारिसपासून, म्हणजे रखवालदारापासून, इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांच्याकडे तीनदा बेल दाबत.

ते औषध देणारे डॉक्टर नव्हते. जाब्रियाला एका प्रयोगशाळेत संशोधन करत. पेशीच्या आवरणात इवलीशी दारं असतात, ती क्षणात उघडतात, क्षणात मिटतात. त्यांतून वाहणारी वीज इतकी क्षीण, की यंत्राचा स्वतःचा गोंगाटच तिला झाकून टाकतो. कागदाच्या गुंडाळीवर एक थरथरती रेघ उमटे. तिच्यातली कुठली थरथर दार उघडल्याची आणि कुठली नुसती गोंगाटाची, हे गणिताने ठरवण्यात त्यांची सहा वर्षं गेली होती. मी मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत तेलाच्या टाक्यांची पातळी मोजणारा माणूस, मला सगळी रेघ सारखीच दिसे. मग डॉक्टर गुंडाळी आमच्या हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत पसरत. "ही आडवी रेघ मारली. वर ते उघडं, खाली ते बंद. पण जी उघडझाप इतकी झटपट झाली की आपल्याला दिसलीच नाही, तिचाही अंदाज धरावा लागतो." पत्नी साडी सावरून ती सहा वर्षं ओलांडत चहा आणायची.

ऑगस्टमध्ये इराकी फौजा आल्या. रोज बातमी यायची, देशाबाहेर पडायचा बसऱ्याचा रस्ता उघडला. तासाभराने, बंद झाला. डॉक्टरांनी आलेखाचा कागद काढला. किराणा दुकानातली बातमी म्हणजे गोंगाट, बसवाल्याची अर्धी खरी, वाटेतून परत फिरलेल्या माणसाची पूर्ण. मला ही पद्धत पटली, म्हणून आम्ही तीन आठवडे थांबलो.

"भावजी," पत्नी एका संध्याकाळी म्हणाली, "तुमचा कागद भरेपर्यंत माझं इन्सुलिन पुरायला हवं."

"किती बाटल्या आहेत?"

"दोन."

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली आणि चहा तसाच ठेवून वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली बस लागली. रस्ता उघडा आहे, असं एकटा ड्रायव्हर सांगत होता. मी वर जाऊन बेल दाबली. दुसऱ्यांदा दाबण्याआधीच दार उघडलं. डॉक्टर बूट घालून, एक पिशवी घेऊन उभे होते. मागे भिंतीशी गुंडाळ्या रचलेल्या.

"एकाच माणसाची बातमी आहे," मी सांगितलं.

"चला. उघडं किती वेळ राहतं, ते मागाहून मोजू."

रस्ता उघडा होता. पत्नीची दुसरी बाटली अम्मानच्या विमानतळापर्यंत पुरली.

पुढच्या वर्षी त्यांचं नाशिकहून पत्र आलं. तिथल्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते. 'वहिनींची साखर कळवा. एका तपासणीवर विसंबू नका.' पत्नीने तीन दिवसांचे तीन आकडे पाठवले. गुंडाळ्यांबद्दल त्यांनी काही विचारलं नव्हतं.

मी सलवाला परतून कामावर रुजू झालो, तेव्हा आधी वर डॉक्टरांच्या दाराशी गेलो. बेल तीनदा वाजवली. आत कुणी नाही हे पहिलीलाच कळलं होतं.