वडावरचं गाठोडं

ही गोष्ट मी कित्येक महिने कुणाला सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा.

आमची गाय सातव्या महिन्यात गाभडली. वासरू बांधावर पुरलं. वासरामागून पडणारा जार मात्र आमच्याकडे पुरत नाहीत; पोत्यात घालून चिकाच्या झाडाला बांधतात, म्हणजे गाय दुधाला उतरते. पाणवठ्याजवळच्या वडाला मी ते पोतं बांधलं. दोन दिवसांनी पाहतो तर कुत्र्यांनी ओढून फाडलेलं, आणि भोवती गावची गुरं पाणी पितायत. मी रिकामं पोतं उचलून घरी आलो. डेअरीवाल्याला कळलं तर दूध बंद करील, एवढंच डोक्यात.

पुढं तीन घरच्या गायी गाभडल्या. शेजारच्या आप्पांनी तेव्हाच बाजारातून गाय आणली होती, तीही गाभडली. झालं, गावानं निकाल देऊन टाकला. आप्पांचं दूध कुणी घेईना. पारावर एक जण म्हणाला, "आप्पा, गाय आणली का साथ आणली?" सगळे हसले. मीही हसलो.

तपासणीला डॉक्टरबाई आल्या. म्हणाल्या, "हा गाभडण्याचा रोग जारातून पसरतो. रोग एकच असला तरी जंतूंचे वंश वेगळे असतात. वंश जुळवला की कुठल्या गोठ्यातून आला त्याचा माग लागतो." मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "आमच्यात काही न्हाई."

अहवाल आला. तिन्ही घरचा जंतू एका वंशाचा, आप्पांच्या गायीचा निराळाच.

"मशीन चुकलं असंल," कुणीतरी म्हणालं.

"मग या तिघींना आला कुठून?" बाईंनी विचारलं. सगळे पुन्हा आप्पांकडेच बघायला लागले. आप्पांनी मान खाली घातली, आणि मला बसवेना.

"बाई, आधी माझी गाय गाभडली. जार मीच वडाला बांधलता."

आप्पांनी मान वर केली. "कावून बोलला न्हाईस बे?"

"भ्यालो, आप्पा."

"मी तेलगावला लेकीकडं बिऱ्हाड न्यायला निघालतो. म्हाईत हाय का तुला?"

माहीत होतं.

माझ्या गायीच्या दुधाचा नमुना गेला आणि त्या तिघींशी जुळला. दूध बंद झालं, गाय वेगळी बांधली. मी घरोघर जाऊन सांगितलं, कालवडींना लस टोचून घ्या. लशीच्या दिवशी पहिली कालवड आप्पांनी आणली. "बाई, हिला आदी टोचा. या चोराची मग." पारावरचे हसले. त्या हसण्यात मीही होतो, पण यावेळी लाज वाटली नाही.

परवा आप्पांची दुसरी गाय व्याली, तपासणीत निकोप निघालेली. त्यांनी भिंतीवरून हाक मारली, "ये बे. खड्डा लई खोल पायजे." मी कमरेएवढा खणला, हातमोजे घालून जार ठेवला, वर चुना टाकला. आप्पा काठावर बसून म्हणत होते, "आनखी टाक. तुजा भरवसा न्हाई."

मागं गोठ्यात वासरू उभं राहायला धडपडत होतं. तिसऱ्या खेपेला उभं राहिलं.